भंगारातली साधनं

मनमाडहून आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे रेल्वे गेली नव्हती, तेव्हा वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी नांदगावला उतरत आणि पुढची वाट टांग्याने धरत. जुन्या गोष्टींच्या शोधात निघालेल्या माणसाला नांदगाव हे तेव्हा वाटेवरचं स्टेशन होतं. आज एका वेगळ्या जुन्या ठेव्यासाठी नांदगाव हेच मुक्कामाचं ठिकाण मानायला हवं, असं माझं ठाम मत आहे. हा ठेवा म्हणजे गेल्या चाळीस वर्षांतले संगणक, त्यांचे प्रिंटर, फ्लॉप्या आणि टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांमधून ही यंत्रं केव्हाच मोडीत गेली. नांदगाव, मनमाड, येवला, मालेगाव या पट्ट्यात मात्र ती अजून कुणाच्या माळ्यावर, शाळेच्या अडगळीच्या खोलीत, बंद पडलेल्या क्लासच्या गाळ्यात आणि शेवटी भंगाराच्या दुकानात सापडतात. ती शोधणं आणि जपणं हे इतिहासाचं काम आहे. श्रीमंतांचा शौक म्हणून ते सोडून दिलं, तर आपल्या भागात संगणक कसा आला याचा अस्सल पुरावाच उरणार नाही.

तालुक्याच्या गावातच हा पुरावा जास्त का मिळतो, याचं कारण यंत्रांच्या प्रवासात आहे. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला आणि देशातल्या २५० शाळांपासून संगणकशिक्षणाला सुरुवात झाली. त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ निवडला गेला. त्याची मेमरी होती ३२ किलोबाइट. आज मोबाइलवर आलेलं एक छायाचित्रही त्यात मावणार नाही. त्याच वर्षी रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला आणि कर्मचारी संघटनांच्या विरोधातून वाट काढत शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची मशिनं आली. छोट्या गावांपर्यंत ही लाट पोचायला मधे बराच काळ गेला. नव्वदच्या दशकात पतसंस्थांची खाती फॉक्सप्रोमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चढू लागली, लग्नपत्रिका छापणाऱ्यांनी खिळे मोडीत काढून डीटीपी सुरू केलं, आणि २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना होऊन एमएस-सीआयटी आली, तशी तालुक्या-तालुक्यात संगणकाची केंद्रं उघडली. लाखो मराठी मुलामुलींनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो अशा केंद्रात.

या केंद्रांमधलं प्रत्येक यंत्र नवं नसे. शहरातल्या कचेरीने चार-पाच वर्षं वापरून काढलेला संगणक सेकंडहँड विक्रेत्याकडे जाई, तिथून क्लासमध्ये, क्लासमधून सायबर कॅफेत आणि शेवटी कुणाच्या तरी घरी पोरांच्या गेमसाठी. यंत्राचा शेवटचा मुक्काम इथे, म्हणून ते उरलंही इथेच. वस्तू इथे फेकतही नाहीत चटकन. ‘कधी तरी कामाला येईल’ म्हणून ती माळ्यावर चढते आणि माणसं तिला विसरतात. या सवयीने आपल्या नकळत एक संग्रहालय साठवून ठेवलं आहे. त्याची दारं घर बदलताना, वाटण्या होताना, दिवाळीच्या साफसफाईत किंवा २०२१ च्या सप्टेंबरात नांदगावच्या लेंडी-शाकंबरी नद्यांना आला तसा पूर आल्यावर उघडतात, आणि उघडतात ती थेट भंगारवाल्यासाठीच.

अशा यंत्रात पाहण्यासारखं काय असतं? एक नमुना सांगतो. ४८६ जातीचा कॅबिनेट. मूळचं पांढरट प्लास्टिक पिवळं पडलेलं. समोर फ्लॉपीची खाच, टर्बोचं बटण आणि छोटं कुलूप. डाव्या बाजूच्या पत्र्यावर हळदकुंकवाची बोटं, वर्षामागून वर्षं खंडेनवमीला एकाच जागी लावलेली, त्यामुळे थरावर थर चढलेले. खाली स्केचपेनने लिहिलेला अनुक्रमांक आणि ‘डेड स्टॉक’ नोंदवहीचं पान. मागच्या बाजूला मूळ वायर तोडून बसवलेली देशी पिन. झाकण काढलं की कीबोर्डच्या सॉकेटजवळ पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियमची बॅटरी, आणि तिच्यातून गळलेल्या क्षाराने हिरवी-निळी पडलेली मदरबोर्डची कड. एक ट्रॅक खाल्ला गेला होता तिथे कुणा मेकॅनिकने बारीक तार डाग देऊन जोडली आहे. त्या एका तारेने हे यंत्र आणखी काही वर्षं चाललं असणार.

हाच संगणक तैवानमधल्या कारखान्यातून निघाला तेव्हा त्याच्यासारखी हजारो यंत्रं होती. कुंकू लावलेलं, व्होल्टेजच्या चढउताराने जळून पुन्हा जोडलेलं, लोडशेडिंगच्या वेळापत्रकाप्रमाणे चालू-बंद झालेलं हे यंत्र मात्र एकच आहे. बाहेर देशात संग्राहक पिवळं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने उजळवून कोरं करतात. आपल्याकडे तसं करणं म्हणजे पुरावा पुसणं होईल. आपल्याला कंपनीचा इतिहास लिहायचा नाही, तो अमेरिकेत आणि जपानमध्ये नीट लिहिला गेला आहे. आपल्याला लिहायचा आहे तो वापराचा इतिहास. तो कुंकवात, डाग दिलेल्या तारेत आणि नोंदवहीच्या पानातच आहे.

महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं उघडत होते, तेव्हा अनेकांच्या लेखी ती रद्दीच होती. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, पुढे बावीस झाले, आणि मराठ्यांचा इतिहास बखरींवरून उठून अस्सल कागदांवर येऊन बसला. १९२६ साली राजवाड्यांचा देह पडला तो इथून जवळच धुळ्यात. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आजही आहे. दुसरे पुण्याचे दिनकर केळकर. त्यांनी दिवे, अडकित्ते, वज्री अशा घरोघरच्या वस्तू जमवायला घेतल्या, त्या काळी अडकित्ता ही संग्रहालयात ठेवण्याची चीज आहे असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. १९७५ साली त्यांनी हजारो वस्तूंचा तो संग्रह सरकारच्या, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या स्वाधीन केला. वस्तूला मोल येण्याआधी ती उचलावी लागते, हे दोघांनीही कृतीने शिकवलं. फरक एवढाच की रुमालात बांधलेला मोडी कागद दोनशे वर्षं वाट पाहू शकला. बॅटरी गळणारा मदरबोर्ड वीस वर्षंही थांबत नाही.

मराठी भाषेपुरता तर हा प्रश्न निकडीचाच आहे. संगणकावर देवनागरी आपोआप आली नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. जिस्टचं कार्ड संगणकाच्या खाचेत बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी अक्षरं उमटत. याच सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्याचं नाव शाळकरी मुलांनाही पाठ आहे, जिस्ट कार्ड किती जणांनी पाहिलं असेल? महासंगणकाने देशाची मान उंचावली हे खरंच, पण मराठी माणसाची अक्षरं पडद्यावर आणली ती या हातभर पट्टीने. पुढे विंडोज आल्यावर श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांनी मराठी छपाईचा कारभार ताब्यात घेतला. प्रत्येकाची संकेतपद्धती निराळी. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. चोरी रोखण्यासाठी यांपैकी काही पॅकेजांना हार्डवेअर लॉक असे. संगणकाच्या मागे, प्रिंटरच्या पोर्टला, बोटाएवढी डबी लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नसे.

आता १९९७ सालची एक फ्लॉपी हातात घ्या. तिच्यावर तालुक्याच्या साप्ताहिकाचा अंक आहे, पेजमेकरमध्ये लावलेला. तो वाचायचा तर फ्लॉपी ड्राइव्ह हवा, त्या काळचं विंडोज हवं, पेजमेकर हवं, नेमका तोच फाँट हवा, लॉक लागत असेल तर ती डबी हवी, आणि ती डबी लावायला पोर्ट असलेला संगणक हवा. साखळीतली एक कडी तुटली की मजकूर गेला. मोठ्या दैनिकांचे छापील अंक ग्रंथालयात मिळतील. पण छोट्या साप्ताहिकाची फाइल कुणी ठेवली नाही, कवीने डीटीपीवाल्याकडे टाइप करून घेतलेला संग्रह पैशांअभावी छापला गेला नाही, गावाच्या यात्रेचा जमाखर्च फक्त संगणकावरच राहिला, पतसंस्था बुडाली आणि तिचा व्यवहार फॉक्सप्रोच्या फायलींत अडकला. या सगळ्याला दुसरी प्रत नाही. म्हणून भंगारात पडलेली ती बोटाएवढी डबी माझ्या दृष्टीने एखाद्या दप्तराची किल्ली आहे.

व्हिडिओ गेमचं नाव काढलं की गंभीर माणसंही हसतात. पोरांच्या खेळण्याला कसला इतिहास? पण आपल्या भागातल्या फार मोठ्या वर्गाने जो पहिला संगणक हाताळला, तो खेळण्याच्या रूपातच होता. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये ‘फॅमिकॉम’ आणला. त्याच्या नकला तैवान-चीनमधून निघाल्या आणि समुराई, मीडिया, टर्मिनेटर अशा नावांनी आपल्या बाजारात फिरल्या. आत होता ६५०२ घराण्यातलाच प्रोसेसर, म्हणजे बीबीसी मायक्रोच्या प्रोसेसरचा नातेवाईक. शाळेत संगणक पोचायच्या आधी तोच मेंदू मारिओ आणि कॉन्ट्राच्या वेषात घरच्या टीव्हीला जोडला गेला होता. ‘९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट उघडून पाहा. चिप नावाची चीज दिसतच नाही, दिसतो तो छोट्या हिरव्या पट्टीवर काळ्या राळेचा एक थेंब, आणि त्याच्या खाली झाकलेली सिलिकॉनची कपची. यादीत हजारो नावं, पण मुळातले गेम मोजकेच, तेच फिरवून फिरवून दिलेले. स्वस्त उत्पादनाचं इतकं बोलकं उदाहरण पुस्तकात सापडत नाही.

पार्लरमधल्या मोठ्या यंत्रांचीही हीच गोष्ट. कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ आपल्याकडे सगळ्यांना ‘मुस्तफा’ म्हणून माहीत. त्याच्या मूळ बोर्डात नकलेला आळा घालण्यासाठी बॅटरीच्या जोरावर टिकणारी गुप्त किल्ली होती. बॅटरी संपली की किल्ली पुसते आणि गेम नीट चालेनासा होतो. चोरून बनवलेल्या बोर्डांमध्ये सहसा हे कुलूपच काढून टाकलेलं असे, त्यामुळे अस्सल बोर्ड मरतो आणि नक्कल जगते. महाराष्ट्रातल्या भंगारात नकलाही सापडतात, हा म्हणूनच कमीपणा मानायचं कारण नाही. त्यांनीच इथल्या मुलांचं बालपण घडवलं आहे आणि जपायच्या त्याही आहेत.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. जुन्या यंत्राची नक्कल करणारे प्रोग्रॅम, म्हणजे एम्युलेटर असताना लोखंड कशाला साठवायचं? १९९७ पासून ‘मेम’ नावाच्या प्रकल्पाने हजारो पार्लर-गेम साध्या संगणकावर चालवून दाखवले आहेत, तेही फुकट. हा प्रकल्प थोरच आहे. पण त्याला लागणारा मजकूर मूळ बोर्डांवरच्या चिप वाचूनच मिळाला, बोर्ड आधी कुणी तरी भंगारातून उचलला होता म्हणून. शिवाय काही गोष्टी मूळ यंत्राबाहेर नीट जिवंत होत नाहीत. बदकं मारण्याच्या गेमची बंदूक घ्या. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतला सेन्सर तो प्रकाश आला की नाही एवढंच पाहतो. हा हिशेब सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागात चालतो आणि तो ट्यूबच्या टीव्हीवर बेतलेला आहे. आजचा एलसीडी टीव्ही चित्र उशिरा दाखवतो, त्यामुळे बंदूक आंधळी होते. म्हणजे गेम जपायचा तर टीव्हीही जपायला हवा. त्या काळी आपल्या घराघरांत असलेल्या व्हिडिओकॉनचा कारखाना तर चितेगावला, म्हणजे मराठवाड्यातच होता. आज तो टीव्ही भंगारात आला की आधी ट्यूबच्या मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी काढली जाते आणि काच फुटते.

इंग्रजांचा अनुभवही लक्षात ठेवण्यासारखा आहे. १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या पाहणीला नऊशे वर्षं झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली लाखो लोकांच्या सहभागातून नवी पाहणी केली आणि ती खास लेसर डिस्कवर साठवली. पंधरा वर्षांतच ती वाचू शकणारी यंत्रं दुर्मीळ झाली. नऊशे वर्षांपूर्वीची कातडी पानं मात्र वाचता येत होती. २००२ च्या सुमारास संशोधकांनी ती नवी पाहणी वाचवली, पण त्यासाठी जुनं यंत्र चालू स्थितीत सापडावं लागलं. एवढ्या श्रीमंत संस्थेवर ही वेळ येते, तर आपल्या पतसंस्थांची आणि साप्ताहिकांची काय कथा?

दुसरा आक्षेप विषाचा. जुन्या बोर्डांमध्ये शिसं आहे, बॅटरीत कॅडमियम आहे, ते घरात ठेवायचं का? काळजी रास्त आहे, आणि तिचं उत्तर भंगाराच्या बाजारात जाऊन पाहावं. तिथे पत्रा वेगळा होतो, तांबं वेगळं, प्लास्टिक वेगळं, आणि ‘बोर्ड’ किलोवर मोठ्या व्यापाऱ्यांकडे जातो. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादमध्ये ते बोर्ड जाळून, आम्लात बुडवून धातू काढले जातात. ते काम गरिबांची मुलं-माणसं उघड्या हातांनी करत आली आहेत. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरांमध्ये सोनं जास्त, म्हणून सगळ्यात जुनं यंत्र सगळ्यात आधी फोडलं जातं. जपलेला बोर्ड निदान त्या भट्टीत तरी जात नाही. बॅटरी कापून वेगळी दिली, गळलेली जागा व्हिनेगरने पुसून मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडी केली, की बोर्ड निर्धोक राहतो. बाकीचा खरोखरच निरुपयोगी माल मान्यताप्राप्त केंद्राकडेच जायला हवा, यात शंका नाही.

कायद्याची मात्र इथे मदत होत नाही. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत नोंदणी आहे ती यंत्र घडवणाऱ्याची, बाजारात आणणाऱ्याची, दुरुस्त करून विकणाऱ्याची आणि पुनर्चक्रण करणाऱ्याची. जपणाऱ्याला वेगळी जागा नाही. उलट बाजूला १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. त्याच्या लेखी वस्तू किमान शंभर वर्षं जुनी हवी, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर. म्हणजे १९९४ सालचा संगणक पुरावस्तू ठरायला २०९४ उजाडायला हवं. एक कायदा त्याला कचरा म्हणतो, दुसरा त्याला ओळखतच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला ‘टिफ्रॅक’ हा आपल्याच माणसांनी घडवलेला संगणक, सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूबांचा, आज चालू स्थितीत पाहायला मिळत नाही. एवढ्या मानाच्या यंत्राच्या नशिबी जे आलं, ते तालुक्यातल्या ४८६ ला चुकेल असं मानायला काहीच आधार नाही.

म्हणून शोध घेणाऱ्यांनी स्वतःला काही नियम घालून घ्यायला हवेत. यंत्र घेताना त्याची हकिगत लिहून घ्या: कुणी, कधी, कशासाठी वापरलं, कुणी दुरुस्त केलं. हकिगतीवाचून यंत्र नुसतं लोखंड आहे. भंगारवाल्याला वजनाच्या भावापेक्षा चार पैसे जास्त द्या आणि काय पाहिजे ते त्याला समजावून सांगा, कारण दारोदार तोच फिरतो. हार्ड डिस्कमध्ये लोकांची खाती, पत्रं, फोटो असतात. ते आपल्या मालकीचे होत नाहीत, मूळ मालकाला विचारल्याशिवाय ते उघड करणं हा विश्वासघात आहे. आणि एकाच जातीची दहा यंत्रं कोंडून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्याने स्वतःला संग्राहक म्हणवून घेऊ नये. केळकरांनी संग्रह लोकांच्या हवाली केला, म्हणूनच तो उरला.

जागा कुठे आहे, असं विचाराल तर ती आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारी सार्वजनिक वाचनालयं महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यात उभी आहेत. एका कपाटात एक संगणक, एक प्रिंटर, एक गेम, एक ट्यूबचा टीव्ही आणि त्यांच्या हकिगतींची एक वही, एवढं ठेवायला इमारत बांधावी लागत नाही. शाळा, पंचायत समिती, बँका, पतसंस्था यांच्याकडे दरवर्षी निर्लेखनाच्या याद्या तयार होतात आणि समितीच्या सह्या होऊन माल लिलावात जातो. मुख्याध्यापकांना, व्यवस्थापकांना आणि त्या समित्यांवरच्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: सही करण्याआधी यादीतलं प्रत्येक जातीचं एक यंत्र, त्याच्या नोंदवहीच्या पानासह, गावच्या वाचनालयासाठी बाजूला काढा. आणि घरोघरच्या वाचकांनी येत्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना संगणक भंगारात घालण्याआधी एवढं करावं: बॅटरी कापावी, फ्लॉप्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि यंत्र कुणाचं होतं ते एका कागदावर लिहून आत ठेवावं.